काटा चाळीसच्या वर

१२ फेब्रुवारी

छकुलीस,

पत्र हातात पडलं की आधी बसून घे, पण घाबरू नकोस. वाईट बातमी नाही. म्हणजे अजून नाही. माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटून बघितलं असशील, कारण इतक्या वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. लिहायचं काम तुझ्या आक्काचं. मी तळाशी माझा आशीर्वाद घालायला सांगायचो, तोही बहुतेक वेळा तीच विसरायची.

फोन केला असता. पण फोन तिच्या पलंगाला लागून आहे, आणि मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनवर ओरडतो असं सगळे म्हणतात. लपवायची गोष्ट ओरडून कशी सांगणार? म्हणून दुकानात बसून लिहितोय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. वर नुसतं 'काटेवाले' लिहिलंस तरी पोस्टमन आणून देतो. वजनकाटे दुरुस्त करणारा या भागात आता मी एकटाच उरलोय.

आता मुद्द्याचं. पोटाचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. टाके भरले, ताप नाही, पण आक्का जेवत नाही. म्हणजे ताटावर बसते. भाताची चार शितं इकडची तिकडे करते. मी बघायला लागलो की म्हणते, "तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघू नका, मांजर बसल्यासारखं वाटतं." मग मी भिंतीकडे बघतो. भिंतीकडे बघून झालं की परत ताटाकडे बघतो, तर ताट तसंच. डॉक्टर म्हणतात, पोट लहान झालंय हे खरं, पण भूक मनातून यायला हवी. मनातून ती कशी आणायची हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला.

परवा दुपारी ती आपणहून म्हणाली, "छकुलीकडे तळ्याकाठी बसून गरम मासा खाल्ला होता. तसं आता कुठलं मिळायला." एवढंच म्हणाली आणि कूस बदलली. पण मला तेवढं पुरे आहे. लोक शनिवार-रविवार तुमच्या गावाला नुसतं जेवायला येतात असं तू नेहमी सांगतेस. तर आम्हीही तेच करू. ९ आणि १० मार्च. खोली ठेव.

पुढचं सगळं नीट कळव. जिना किती पायऱ्यांचा? कठडा कुठल्या हाताला? गादी कापसाची की स्पंजची? खालच्या खानावळीचा धूर वर येतो का? तळ्यावरचा वारा पाठीला बाधतो का? उशा किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला बघून 'किती वाळलीस गं' असं म्हणायचं नाही. म्हटलंस तर मी त्याच पावली तिला घेऊन परत फिरेन.

तुझे भाऊजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

हे पत्र आहे की सरकारी फॉर्म? उत्तरं घ्या. पायऱ्या चौदा. कठडा चढताना उजव्या हाताला. उतरताना डाव्या हाताला, हे तुम्हाला वेगळं सांगितलं नाही तर तुम्ही पुन्हा पत्र टाकाल. गादी कापसाची, उशा चार. धूर वर येत नाही, वास येतो, आणि त्या वासासाठीच माझ्या दोन खोल्या भरतात. वारा बाधत असता तर मी बासष्टाव्या वर्षी रोज कपडे गच्चीत वाळत घातले नसते.

जेवणाची काळजी सोडा. पाण्याच्या कडेने सात खानावळी आहेत. माझ्या खालचा आचारी तळ्यातला मासा लोण्यावर परततो, वर नुसतं लिंबू. त्याच्या शेजारी दोन म्हातारे भाऊ आहेत. एक सूप करतो, दुसरा पाव भाजतो, आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. गिऱ्हाईकच दोघांच्या मध्ये निरोप देतं. शेवटच्या खानावळीतली बाई बटाटे निखाऱ्यात भाजते, आणि संपले की दारावर पातेल्याचं झाकण टांगून घरी जाते. मग तुम्ही राजा असा नाहीतर काटेवाले, मिळायचं नाही. आचाऱ्याला मी आक्काचं सांगितलं. तो म्हणाला, "पोट लहान असेल तर ताट लहान देऊ, त्यात काय मोठंसं."

स्टेशनवरून आमच्याकडे यायला बोट लागते, हे लक्षात आहे ना? वीस मिनिटं. तो बोटवाला बदललाय. हा नवा गडी फार विक्षिप्त. धक्क्यावर मोठा काटा ठेवलाय. प्रत्येकाला त्यावर उभं करतो, आकडा खणखणीत ओरडतो, आणि मग दोन्ही बाजूंना सारखं वजन होईल असं माणसं आणि सामान बसवतो. गेल्या महिन्यात एका बाईने आकडा ऐकून त्याच्या टाळक्यात पर्स हाणली. आक्काला हे बघून हसू फुटेल.

वाळली म्हणणार नाही. पण खरंच किती वाळलीय, ते मला तरी सांगा.

छकुली


२० फेब्रुवारी

छकुलीस,

बोट नको.

रस्त्याने यायचं ठरवलं तर घाटातून तीन तास लागतात, आणि वळणावर तिला ओकारी येते. म्हणजे रस्ताही नको. दोन दिवस विचार केला, तिसरी वाट नाही. म्हणून आता तुला खरं सांगतो. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

डॉक्टरांनी जानेवारीत बजावलं होतं, की वजन चाळीस किलोच्या खाली गेलं तर भरती करायचं आणि नाकातून नळी घालून अन्न द्यायचं. दर रविवारी घरीच वजन करा, कार्डावर लिहा, आणि महिन्यातून एकदा कार्ड दाखवा. काटेवाल्याच्या घरी काटा आहेच, त्यांनाही ते सोयीचं वाटलं. आक्का दवाखान्यातून परत आली तेव्हा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "आता मला तिथे परत नेलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." ती बोलली नाही तर मी कुणाशी बोलू? आम्हाला तिसरं कोणी नाही.

एका रविवारी काटा चाळीसच्या जरा खाली आला. तिने मान वाकवून बघायच्या आत मी म्हटलं, उतर, काटा नीट बसलेला नाही. मग तिची पाठ वळल्यावर खालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पुढच्या रविवारी आणखी थोडा. आता तो सुमारे साडेतीन किलो जास्त दाखवतो. ती उभी राहते, मी म्हणतो, "एक्केचाळीस, बघ," आणि तिचा चेहरा असा उजळतो की मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटतं. परवा मी त्यावर उभा राहिलो तर माझंही वाढलेलं दिसलं. ती म्हणाली, "माझ्या वाटचं तुमच्या अंगी लागतंय."

आता तुमचा बोटवाला आकडा ओरडणार. कळलं का?

भाऊजी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. मग गच्चीत जाऊन उभी राहिले.

तुम्ही? स्वतःच्या मावसभावाचा काटा खोटा निघाला म्हणून तुम्ही त्याचं दुकान बंद पाडलं होतं. तो माणूस तुमच्या घरी पुन्हा पाणी प्यायला आला नाही. बाजारात तुम्ही दिसलात की भाजीवाले काटा पुसायला घ्यायचे. आणि तुम्ही घरच्या काट्याचा स्क्रू फिरवला, तोही माझ्या बहिणीच्या पायाखालचा!

खरं वजन किती आहे? गोल आकडा नको, नेमका सांगा. आणि डॉक्टरांना सांगा. आजच्या आज. तो बिचारा तुमच्या कार्डावर भरवसा ठेवून बसलाय. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी फोन लावीन, आणि मीही ओरडूनच बोलते.

खोली ठेवलीय. बोटवाल्याशी बोलले. आकडा ओरडणार नाही म्हणाला. त्याने कारण विचारलं, तर मी सांगितलं की बहीण लाजाळू आहे. आक्का आणि लाजाळू! खोटं बोलायची साथ तुमच्याकडून मलाही लागली.

छकुली


२८ फेब्रुवारी

छकुलीस,

साडेसदतीस.

लिहिताना हात थांबला होता. हा आकडा मी अजून कुठेही लिहिलेला नव्हता.

फोन करू नकोस. तुझ्या पाया पडतो, मोठा असून. फक्त ते दोन दिवस जाऊ दे. मी सगळं ठरवलंय. तुमच्याकडे ती जेवेल. दोन दिवसांनी जिभेला चव आली की घरीही जेवेल. तिचं खरं वजन वाढत जाईल तसतसा मी स्क्रू थोडाथोडा मागे फिरवीन. एक दिवस काटा खरा होईल आणि तेव्हा ती चाळीसच्या वर असेल. मग कुणाला काही सांगायचंच उरणार नाही.

तू म्हणशील हे पोरकट आहे. माझी शाळा चौथीत सुटली. मला काट्याखेरीज दुसरं काही दुरुस्त करता येत नाही.

दोन स्वेटर, गरम पाण्याची पिशवी आणि तिची उशी घेऊन येतो. तुमच्या उशा चार आहेत हे वाचलंय, तरी घेऊन येतो.

भाऊजी


१२ मार्च

छकुलीस अनेक, अनेक आशीर्वाद,

काल सुखरूप पोचलो. आज दुकान उघडलं आणि आधी कागद काढला. आनंदाच्या भरात नीट लिहिता येत नाहीये.

तुमच्या बोटवाल्याला माझा नमस्कार सांग. शब्दाचा पक्का माणूस. तिला काट्यावर उभं केलं, तबकडी स्वतःकडे वळवली, आणि मुकाट्याने तिला मधल्या फळीच्या डाव्या बाजूला बसवलं. तिला काडीचाही संशय आला नाही. वीस मिनिटं पाण्याकडे बघत बसली होती. मी म्हटलं, बरं वाटतंय ना? तर म्हणाली, "हो. किती स्वच्छ दिसतं इथून सगळं."

आणि शनिवारचं जेवण! मी मोजत होतो, तुला सांगायला हरकत नाही. सुपाची अर्धी वाटी. पावाचे तीन तुकडे, सुपात बुडवून. माशाचे सात घास. सात! भाजलेला एक बटाटा, जवळजवळ पूर्ण. ते दोन भाऊ निरोपानिरोपी करताना तिला हसू आलं आणि तोंडात घास असताना ती हसली. ऑपरेशननंतर मी हे पहिल्यांदा बघितलं. आचारी येऊन म्हणाला, "बाईंना आणखी देऊ का?" आणि ती म्हणाली, "द्या की." मी तोंड तळ्याकडे केलं, कारण माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

वर गेल्यावर पाय धुवायला म्हणून तिने किती वेळ नळ सोडून ठेवला होता गं! मी खोलीत पाय पसरून बसलो होतो, मलासुद्धा ऐकू आला म्हणजे बघ. तुझी टाकी रिकामी झाली असेल. मी तिला सांगणार होतो, पण तिचं मन मोडायला नको म्हणून गप्प राहिलो. तिला आता स्वच्छतेचं फार झालंय.

रविवारी दुपारी तुम्ही दोघी बोलत बसलात तेव्हा मी धक्क्यावर गेलो होतो. बोटवाल्याचा काटा अर्धा किलो कमी दाखवत होता. मी त्याला म्हटलं, अरे, यावर तू माणसं तोलतोस? त्याच्याच पान्याने तासाभरात नीट करून दिला. तो म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत." मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

या रविवारी स्क्रू पाव फेरा मागे घेणार आहे.

तुझे भाऊजी


१७ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यापासून तीन कागद फाडले. आक्काने मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. आता मी तिचा शब्द मोडतेय. तुम्ही तो स्क्रू मागे फिरवायला बसाल, या भीतीने मोडतेय.

नळ पाय धुवायला सोडलेला नव्हता. ती ओकत होती. सगळं बाहेर पडलं, सातही घास. मी तिचं कपाळ धरून उभी होते. नळ तिनेच सोडायला लावला. म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतं, पण एवढं ऐकू येईल." मी म्हटलं, झेपत नव्हतं तर खाल्लंस कशाला? तर म्हणाली, "त्यांनी माझी उशीसुद्धा आणलीय गं."

आणि तिला बोटीतच कळलं. आकडा कुणी बोललं नाही, पण आपण दोघंही किती मूर्ख, भाऊजी. तुम्ही तर काटेवाले. ती बोट म्हणजेच तराजू आहे! तिला डावीकडे बसवल्यावर बोटवाल्याने उजवीकडे बेकरीच्या पिठाच्या दोन पिशव्या ठेवल्या. वीस-वीस किलोच्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला पिठाची पिशवी कितीची हे सांगायला लागतं का? बोट पिठाच्या बाजूला कलली. तेव्हा त्याने लोखंडी नांगर उचलून तिच्या पायाशी आणून ठेवला. मग बोट सरळ झाली. तुम्ही त्या वेळी बरोब्बर मध्यावर बसून स्वेटरच्या पिशवीची गाठ मारत होतात.

रविवारी दुपारी तिने मला हे सांगितलं. रागावली नव्हती. म्हणाली, "माझे कपडे सैल होत होते. अंगठी दोऱ्याने बांधली होती. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पण काटा एक्केचाळीस म्हणाला की मी म्हणायचे, आपल्यालाच उगाच वाटतंय. त्यांचा काटा कधी चुकायचा नाही. माझ्या अंगापेक्षा मी त्यांच्या काट्यावर जास्त विश्वास ठेवला." मग तिने अंगठीचा दोरा पुन्हा गुंडाळला. म्हणाली, "नाहीतर मीच डॉक्टरकडे गेले असते. दवाखान्याची भीती वाटते म्हणून काय, मरायचं थोडंच होतं."

हे वाक्य लिहू की नको असं झालं होतं. लिहिलं.

आता तरी जा.

छकुली


२५ मार्च

छकुलीस,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. दुकानाला कुलूप लावायचं राहिलं, शेजारच्याने लावलं.

डॉक्टरांसमोर कार्ड ठेवलं आणि सांगितलं, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासूनचे आकडे खोटे आहेत, मी केलेत. त्यांना वाटलं मी लिहिताना चुकलो. ते म्हणाले, "बाबा, होतं असं, वय झालं." मी म्हटलं, वयाने नाही, स्क्रूने. मग त्यांनी चष्मा काढला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कार्डावर बोट ठेवून एकेक रविवार खालपर्यंत मोजला. आठ. म्हणाले, "तेव्हाच कळतं तर पुष्कळ करता आलं असतं." नळी आताही घालता येईल, पण शरीर इतकं खंगल्यावर ते कितपत घेईल हे सांगता येत नाही, म्हणाले. अर्धं-अर्धं धरा. काट्याच्या धंद्यात अर्धं-अर्धं म्हणजे काटा मध्यावर उभा. मी तसं म्हणालोही. त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

घरी येऊन आक्काला सांगितलं. सगळं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "सांगून आलात? बरं केलंत. चहा ठेवा." मी चहा ठेवला. ओतताना सांडला. ती म्हणाली, "मला तुमचा राग आला होता. बोटीतून उतरेपर्यंत होता. मग तुम्ही मला धक्क्यावर हात दिलात, आणि तुमचाच हात इतका कापत होता की राग धरायला जमेना." मी म्हटलं, तू मला शिव्या दे. तर म्हणाली, "मला आता तेवढी ताकद नाही. तुमच्या तुम्हीच घ्या."

नळीला नाही म्हणते. तेव्हा घेतली असती, आता नको, म्हणते. डॉक्टर म्हणतात तिचं मन वळवा. मी कुठल्या तोंडाने वळवू? ज्याने खोटं सांगितलं तोच आता म्हणतोय, माझं ऐक.

तू ये. ती तुझं ऐकेल. मला काही सुचत नाही.

भाऊजी


२८ मार्च

भाऊजी,

सोमवारी दुपारच्या गाडीने येते. खोल्यांची किल्ली आचाऱ्याकडे देते. स्टेशनवर यायचं नाही, आक्काला एकटी सोडायची नाही. तिला नाही म्हणायची सवय आहे, मला ते न ऐकण्याची. बघते कशी तयार होत नाही.

छकुली


१४ एप्रिल

छकुलीस,

तू नीट पोचल्याचं फोनवर कळलं. आता तू मनाला लावून घेऊ नकोस. तू आठ दिवस तिच्याशी भांडलीस. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, आणि मलाही नीट ऐकू यावं इतक्या मोठ्याने तुम्ही भांडलात. लहानपणीच्या एका फ्रॉकपासून सगळं उकरून काढलंत. तू हरलीस तेव्हा तिने तुझ्या केसांना तेल लावलं, ते मी बघितलं. तुझ्याने झालं नाही ते कुणाच्याने झालं नसतं.

तू गेल्यावर डॉक्टर घरी येऊन गेले. नळी नको आहे असं लिहिलेल्या कागदावर तिने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. मला सही करायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. डॉक्टर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता जे जाईल ते जाऊ द्या, जबरदस्ती करू नका. पेजेचे चार चमचे जातात. कधी तीन.

मी दिवसभर काय करतो असं तू विचारलं होतंस. काही करत नाही. पलंगाशेजारी बसतो, उठतो, खिडकी लावतो, ती म्हणते उघडा, उघडतो. दुकानात कुणाचा काटा आला तर शेजारचा ठेवून घेतो. मी हात लावलेला नाही.

पण चार दिवसांपासून तिने एक नवीनच काढलंय, त्यासाठी हे पत्र. ती म्हणते, तुम्ही माझ्यासमोर बसून जेवा आणि मला सांगा कसं लागतंय. मला वाटलं तिला माझी काळजी वाटते, मी जेवत नाही म्हणून. तसं नाही. तिला खरंच ऐकायचं असतं. पहिल्या दिवशी मी डाळभात घेऊन बसलो. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हं, सांगा." मी म्हटलं, बरं आहे. ती म्हणाली, "बरं म्हणजे काय? बरं तर औषधही असतं. चव्वेचाळीस वर्षं मी विचारतेय आणि चव्वेचाळीस वर्षं तुम्ही बरं आहे म्हणताय. भाजी जळली तरी बरं आहे, जमली तरी बरं आहे. आता जरा नीट सांगा, मला वेळ आहे."

छकुली, मला येत नाही. मी पुन्हा वाढून घेतलं म्हणजे आवडलं, हे तिला कळतं असं मी धरून चाललो होतो. खारट, गोड, तिखट, गरम, एवढेच शब्द माझ्याकडे. ते पहिल्याच दिवशी संपले.

काल शेजारणीने मटाराचं सूप आणून दिलं. मी चमचा तोंडात घातला आणि म्हटलं, गरम आहे. ती म्हणाली, "ते मला वाफेवरूनच दिसतंय." मी पुन्हा घेतलं. म्हटलं, आधी गोड लागतं, मग काहीतरी हिरवं. "हिरवं म्हणजे?" मी पुष्कळ वेळ विचार केला. सूप गार झालं. मग म्हटलं, शेंगा सोलताना ते नखात शिरतं आणि बोट तोंडात घातलं की लागतं, तसं. आणि छकुली, तिने आवंढा गिळला. तोंडात काही नव्हतं. मी तिचा गळा हलताना बघितला.

मग म्हणाली, "अजून."

मला अजून सांगता आलं नाही.

तू आचाऱ्याकडे जा. त्या दोघा भावांकडे जा, बटाटेवाल्या बाईकडे जा. त्यांना विचार, लोण्यावर परतलेल्या माशाला काय म्हणायचं, सुपाला काय, कापायच्या आधीच्या लिंबाला काय. त्यांचा सगळा जन्म त्यात गेलाय, त्यांच्याकडे शब्द असतील. कसेही, कितीही असोत, सगळे लिहून पाठव. मोठ्या अक्षरात लिही, मला वाचून दाखवायचं नाही, पाठ करायचंय.

तिने उद्या पाव आणायला सांगितलाय. भाजलेला, वरून करपलेला. हे पत्र तुला मिळायला तीन दिवस लागतील आणि तुझं उत्तर यायला आणखी तीन, हे मला कळतं. उद्याच्या पावाचं माझं मलाच बघावं लागेल. मघापासून कागदावर लिहून बघतोय. कडक आहे, असं लिहिलंय. पुढे काही सुचत नाही.

भाऊजी